रविवारी सरांचा फोन

आमच्या शेजारची मुलगी पुण्याला पीएच.डी. करते. तळेगाव दाभाड्याहून सकाळची लोकल पकडते, ती परत यायला रात्र होते. परवा रविवारी तिच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. पंगत बसली, तोच सरांचा फोन आला आणि पोरगी भरल्या पानावरून उठली. तिची आई मला म्हणाली, "काका, तुम्ही बँकेत होतात. यांना सुट्टी कधी, हे कुठं लिहिलेलं असतं का हो?"

थोडं लिहिलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, एरवी कमाल सहा. प्राध्यापकाला एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात. मुलींना 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आहे. 2023 पासून कनिष्ठ फेलोला महिना 37,000 रुपये मिळतात. पण दिवसाचे तास किती, रविवारी बोलावलं तर बदली सुट्टी कधी, निबंधावर पहिलं नाव कुणाचं, हे त्या-त्या सरांच्या मर्जीवर. आणि शिफारसपत्रही त्यांच्याच हातात! मग 'नाही' म्हणणार कोण?

मर्जीचा हा इतिहास जुना आहे. 1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी आल्या: पहिलं वर्ष कसोटीचं, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. कमलाबाईंनी ते वर्ष निभावलं, पुढं 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या जिद्दीचं कौतुक आपण करतोच. पण सगळ्या अटी शिकणाऱ्यावर आणि शिकवणाऱ्यावर एकही नाही, हे सहसा कुणी बोलत नाही. आज अटी तोंडानं सांगतही नाहीत, त्या आपल्या आपण ओळखायच्या.

सरांची बाजूही आहे. जिवाणूंना रविवार कळत नाही, सुरू झालेला प्रयोग मधेच टाकता येत नाही. खरं आहे. पण बँकेतही मार्चअखेरीस आम्ही मध्यरात्रीपर्यंत बसायचो. फरक इतकाच, की ते मार्चपुरतं होतं आणि सगळ्यांना आधी ठाऊक असायचं. उलट नाजूक टेबलांवरच्या माणसाला सलग दहा दिवस सक्तीनं रजेवर पाठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. माणूस घरी गेला की टेबलावरचं खरंखोटं उघडं पडतं. एक माणूस रविवारी आला नाही म्हणून जे काम कोसळतं, त्या कामाची मांडणीच कच्ची असते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक संशोधन गटानं पहिल्याच दिवशी एक पानभर लिहून द्यावं: तास, रजा, रविवारच्या पाळ्या, निबंधावरच्या नावांचा क्रम, आणि सरांशीच बिनसलं तर जायचं कुणाकडे. खाली सही दोघांचीही हवी.

आईबापांनीही एक करावं. 'किती राहिलं अजून?' असं दर आठवड्याला विचारण्याऐवजी 'असं पान मिळालंय का?' हे एकदा विचारावं.

त्या रविवारी आजी पानावर थांबून राहिल्या होत्या. नात फोन संपवून आली तेव्हा वरण निवलं होतं. आजींनी ते पुन्हा गरम करायला लावलं. आजी एवढंच करू शकत होत्या.