कच्चा लिंबू गेला कोठे?

बार्शीच्या भुसार बाजारात धान्य निवडायला बसलेल्या बाईजवळ पोत्याला टेकून तिचे तीन वर्षांचे मूल मोबाईलमध्ये डोके खुपसून बसलेले आढळले, तर आता कोणालाच नवल वाटत नाही. येणारा-जाणारा सुशिक्षित माणूस मात्र त्या बाईला बोल लावून पुढे जातो. आमचे म्हणणे असे, की हा बोल चुकीच्या दारी लावला जात आहे.

अपाय खरा आहे, याविषयी वाद नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले, की दोन वर्षांखालील मुलाला पडद्यासमोर बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, आणि त्याच मुलाचे अंग दिवसभरात निदान तीन तास हलते राहिले पाहिजे. मूल भाषा शिकते ती उत्तर देणाऱ्या माणसाकडून. त्याने अर्धवट शब्द टाकावा, समोरच्याने तो पुरा करून परत द्यावा, अशी ही देवघेव असते. मोबाईल बोलतो पुष्कळ. ऐकत मात्र नाही. शिवाय प्रत्येक रडण्यावर मोबाईल हातात पडू लागला, की आपला राग आपणच शमविण्याची संधी मुलाला मिळत नाही.

ती संधी मिळत होती खेळात. लगोरी, लपंडाव, आंधळी कोशिंबीर हे खेळ शिकवायला कोणी गुरुजी नव्हते. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, बाद झाल्यावर बाजूला होणे, कट्टी करणे आणि घटकाभरात बट्टी करणे, हे सारे पोरे एकमेकांकडूनच शिकली. ज्याच्यावर डाव येतो त्याच्यावर 'राज्य' आले असे आपली मुले म्हणतात; राज्य ही भोगण्याची नव्हे, निस्तरण्याची गोष्ट आहे, हे मंत्रालयापेक्षा गल्लीतल्या पोरांना अधिक कळत होते! आणि सर्वांत धाकट्याला 'कच्चा लिंबू' म्हणून खेळात घेत. त्याने धावावे, पडावे, पण त्याच्यावर राज्य येऊ नये. दुर्बळाला वगळायचे नाही आणि चिरडायचेही नाही, हा न्याय सहा-सात वर्षांची मुले कोणत्याही ठरावावाचून पाळीत. पडद्यावरच्या खेळात कच्चा लिंबू नसतो. तेथे मूल एकटे असते, आणि त्याला खिळवून ठेवण्यातच कोणाचा तरी नफा असतो.

मग ती आई मोबाईल का देते? देण्यासारखे दुसरे तिच्याजवळ काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. रोजंदारीवर धान्य निवडणारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्या कायद्याच्या कक्षेत बसतच नाही. घरी ठेवावे तर एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची खोली तापलेली, आणि बोळातून दुचाक्या सुसाट धावणाऱ्या. विकास आराखड्यात मैदानाचे आरक्षण असते. पण दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, मालकाने नोटीस दिली आणि पुढील मुदतीतही नगरपालिका हलली नाही, तर नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे ते आरक्षण संपते. मैदान कोणी पळवून नेत नाही. ते फायलीत निजल्या निजल्या मरते.

राहिली अंगणवाडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. त्या अंगणवाडीत आज काय चालते? २०२१ पासून सेविकेला पोषण ट्रॅकरवर माहिती भरावी लागते. निकृष्ट मोबाईल देऊन काम मागितले, म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते सरकारला परत केले. मानधनासाठी डिसेंबर २०२३ पासून त्यांना पन्नासहून अधिक दिवस संपावर बसावे लागले. मुलाला मोबाईलपासून सोडवायचे ते सेविकेने, आणि तिलाच शासनाने मोबाईलला जुंपलेले! तिच्या संपाला आपण मानधनाचा लढा म्हणून पाठिंबा दिला. तो मुलांच्या खेळण्याच्या वेळेचाही लढा होता, हे मोर्च्यात फारसे कोणी बोलले नाही.

बार्शीतील साथींना करण्यासारखे पुष्कळ आहे. शहराच्या आराखड्यात मैदाने व उद्याने किती दाखविली आहेत, त्यांतील किती ताब्यात आली, कोणत्या आरक्षणाची मुदत केव्हा संपते, याची यादी नगरपालिकेकडून माहितीच्या अधिकारात मागवावी आणि ती वॉर्डावॉर्डात लावावी. आपल्या भागातील अंगणवाडीला अंगण आहे की भाड्याची खोली, हे स्वतः जाऊन पाहावे. बाजार समिती शेतमालावर बाजार फी घेते. त्या उत्पन्नातून आवारातच निवडणाऱ्या बायांच्या मुलांसाठी सावलीची, कुंपण घातलेली जागा आणि तेथे एक पगारी बाई, एवढी मागणी येत्या हंगामापूर्वी समितीपुढे लेखी गेली पाहिजे, आणि त्या निवेदनावर पहिले अंगठे व सह्या त्याच बायांच्या असल्या पाहिजेत.