गावरान कॉकटेल, पण गाव कुठंय?

हमरापूर फाट्यावरून आत वळलं की पूर्वी दोनच गोष्टी डोळ्यांत भरायच्या, गणपतीचे कारखाने आणि भाताची खाचरं. आता तिसरी आली आहे, वीकएंड मुक्कामाच्या पाट्या. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि मुंबई आणखी जवळ सरकली. एप्रिल-मेच्या शनिवारी आमच्या पेण तालुक्यात गाड्यांची रीघ लागते. लागू दे. पाहुणे आले की मला बरंच वाटतं, रिटायर मास्तराला ऐकणारं कोणीतरी हवंच असतं! माझं भांडण गाड्यांशी नाही, एका मेनूकार्डाशी आहे.

आमच्या भाचेमंडळींनी ते कौतुकाने मला दाखवलं. वर मथळा, 'अस्सल गावरान कॉकटेल्स'. खाली कोकम-मिरचीची मार्गारिटा, कैरीचा मोहितो, जांभळाची जिन. एका ग्लासाचे साडेसहाशे रुपये. ग्लासाच्या काठाला तिखटमीठ, शोभेला कढीपत्ता.

आता मी भाषेचा मास्तर. 'अस्सल' आणि 'गावरान' हे दोन शब्द एकत्र दिसले की लाल शाईचं पेन आपोआप हातात येतं. या ग्लासात गावचं काय आहे? टकिला मेक्सिकोची. जिन आणि रम बाटलीतून आलेली, कुठल्या कारखान्यातली ते लेबल वाचल्याशिवाय कळायचं नाही. कोकमाचा अर्कही बहुतेक बाटलीतलाच. मोहितोच्या नावात मोह आहे, पण ग्लासात मोहाचा थेंब नाही. आणि तिथेच तर सगळी मेख आहे.

कारण गावची म्हणून जी दारू आहे ती मोहाची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. कातकरी बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. फुलं वाळवली की मनुकांसारखी होतात, टंचाईच्या दिवसांत ती शिजवून खाल्ली जात. (कुमारसंभवात पार्वतीच्या लग्नाच्या साजात मधूकाची माळ आहे. मधूक म्हणजे हाच आपला मोह.) तीच फुलं भिजवून, आंबवून, मडक्यात उकळून जी धार निघते तिचं नाव मेनूकार्डावर नाही. तिचं नाव पोलीस ठाण्याच्या डायरीत असतं, 'हातभट्टी'.

हे आजचं नाही. इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. ताडी काढणाऱ्या भंडाऱ्यांच्या झाडांवर जबर कर बसले आणि ठिकठिकाणी दारू गाळण्याचा जो जुना रिवाज होता तो मोडून सारा धंदा मोठ्या मक्तेदारांच्या हाती गेला. मग १८९२ साली खास 'मोहडा कायदा' आला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. कुलाबा म्हणजे आपलाच रायगड, हे नाव १९८१ साली बदललं. त्या कायद्याने दारूवर नव्हे, चक्क फुलावर बंदी घातली! दारातल्या झाडाचं फूल वेचून घरात साठवलं तर गुन्हा. आणि गंमत बघा, त्याच काळात इथून जवळच्या उरणच्या भट्ट्या गुजरातेतल्या पंचमहालाकडून आलेल्या मोहफुलांवर जोरात चालत होत्या. मोह तोच आणि दारूही तीच. फक्त ती कोणी गाळायची आणि पैसा कोणाच्या पेटीत जायचा, एवढाच प्रश्न होता.

मेनूकार्ड पाहिलं तेव्हा मला उरण आठवलं ते यामुळे.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला. तो आजही आहे. दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे त्या मार्गारिटावाल्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? खिशात परवाना ठेवून फोटो काढणारा मी तरी एकही पाहिला नाही. पण धाड पडते ती वाडीवर. मडकी तिथलीच फुटतात, कोर्टाच्या तारखांना मजुरी बुडवून तिथलीच बाई जाते.

द्राक्षाचं नशीब मात्र वेगळं. त्याच्यासाठी राज्याने २००१ साली वाईनचं स्वतंत्र धोरण केलं, सवलती दिल्या, नाशिकला पर्यटन उभं राहिलं. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. मोहफुलं गोळा करण्या-नेण्यावरचे निर्बंध आपल्याकडे सैल व्हायला २०२१ साल उजाडलं. फूल सुटलं, पण वाडीतली धार अजून गुन्हेगारच आहे.

इथे काहीजण म्हणतील, मास्तर, हातभट्टीने माणसं मरतात. मरतात, खरंच मरतात. २००४ ला विक्रोळीत, २०१५ ला मालवणीत किती घरं उद्ध्वस्त झाली! पण ते बळी मिथेनॉलचे होते, म्हणजे रसायनाच्या पिंपातून आलेल्या विषाचे. ते विष मोहाच्या झाडाला लागत नाही. चोरट्या धंद्यात कोण काय मिसळतो हे तपासायला कोणी नसतं म्हणून ते ग्लासात उतरतं. ताडीत क्लोरल हायड्रेट घालतात तेही याच अंधारात. बंदी हा त्यावरचा इलाज असता तर एव्हाना गुण यायला हवा होता.

दुसरी हरकत जास्त खरी आहे आणि ती माझीही आहे. दारूने घरं बसतात. सोमवारी हजेरी घेताना कोणत्या पोराचा बाप आदल्या दिवशी प्यायला होता हे मला न विचारता कळायचं. वाडीतल्या कित्येक बायांनाच दारू नको आहे, आणि त्यांचा शब्द माझ्या लेखापेक्षा मोठा. त्यांनी बंद म्हटलं तर बंद. पण मग ती बंदी त्यांच्या कुडाच्या घरापुरती आणि तलावाकाठच्या काचेच्या बंगल्याला सूट, हे कुठल्या व्याकरणात बसतं? आणि चालू ठेवायचीच असेल तर त्या बायांच्या गटांना परवाना द्या, तपासणी करा, बाटलीवर त्यांच्या वाडीचं नाव येऊ द्या. मग खुशाल त्याचं कॉकटेल करा आणि साडेसहाशे घ्या.

जेवणाचंही तेच. मे महिन्यात येऊन पोपटी मागतात! अहो, पोपटी थंडीतली. वालाच्या शेंगा भरलेल्या हव्यात, शेतात भांबुर्डा हवा, तेव्हा ते मडकं लागतं. उन्हाळ्यात फ्रीजमधल्या शेंगा भाजून वाढल्या की तिला पोपटी म्हणणं म्हणजे भादव्यात होळी पेटवणं. जिताडा मागतात तो आठशे ग्रॅमचा 'फिले' म्हणून, काटे नकोत. खारेपाटातल्या तळ्यात वाढलेला जिताडा असा मागवायचा नसतो. तो कोणाच्या तळ्यात निघतोय याची खबर ठेवावी लागते. पूर्वी साहेबाकडे काम अडलं की लोक जिताडा घेऊन जात, इतका त्याचा मान!

उन्हाळ्यात आमच्याकडे काय असतं ते सांगतो. ताडगोळे, तेही सोलणाऱ्याच्या पाटीवरून, तिथल्या तिथे. तांदळाची भाकरी, कैरी घातलेली सुकट. आगळात पाणी, मीठ, जिऱ्याची पूड. दुपारच्या उन्हात अंगाला मानवेल ते हेच, मद्य उलट पाणी काढून घेतं. कुठलीही शोभा नाही, फोटोही बरा येत नाही.

भाचेमंडळींना एवढंच कळवतो, येत्या शनिवारी त्या मुक्कामावर जायचं असेल तर जरूर जा, पण 'मोहाची का नाही?' असा प्रश्न तिथल्या मॅनेजरला माझ्या वतीने विचारा आणि तो काय म्हणतो ते मला फोनवर सांगा. पोपटीसाठी डिसेंबर संपता संपता या. मडकं मी आणून ठेवतो, शेंगा मात्र सगळ्यांनी मिळून निवडायच्या.