शिंपल्यांची नावे आणि नोंदवही

कोकणच्या किनाऱ्यावर तिसरी निराळी आणि कालव निराळे. तेथील कोळीण या दोहोंची गल्लत कधीही करीत नाही. नदीकाठच्या गावी मात्र गोड्या पाण्यातील सर्व जातींची बोळवण बहुधा 'शिंपला' या एकाच शब्दावर होते. चुना भाजण्यापुरते ते चालून गेले. शेततळ्यात मोत्यांसाठी शिंपले सोडू पाहणाऱ्या शेतकऱ्यास ते चालणार नाही; आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने नोंदवहीत 'शिंपले, नग ५००' एवढेच लिहून समाधान मानावे, हे तर मुळीच योग्य नव्हे.

भारतात मोतीसंवर्धनासाठी मुख्यत्वे लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, लॅमेलिडेन्स कोरिॲनस व पॅरेसिया कोरुगाटा या जाती उपयोगात आहेत. पहिल्या दोन लांबट व मोठ्या, तिसरी लहान व जाड कवचाची. लहान शिंपल्यात मोठ्याएवढे केंद्रक सामावत नाही, हे उघड आहे.

तथापि केवळ बाह्य आकारावरून जात ठरविणे धोक्याचे होय. एकाच जातीचे कवच वाहत्या पाण्यात एका घडणीचे, तर साचलेल्या गाळात दुसऱ्याच घडणीचे होते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये बूर्गिन्या व त्यांच्या अनुयायांनी अशा किरकोळ फरकांवरून शेकडो 'जाती' कल्पिल्या. पुढे त्यांपैकी बहुतेक नावे रद्द ठरली. विद्वानांची ही गत, तेथे घाईच्या पाहणीचे काय?

खरी ओळख बिजागरीपाशी पटते. लॅमेला म्हणजे पातळ पत्रा आणि डेन्स म्हणजे दात; लॅमेलिडेन्सचे दात नावाप्रमाणेच पत्र्यासारखे असतात. कोरुगाटा म्हणजे सुरकुतलेली. तिच्या कवचाच्या उंचवट्यावर नागमोडी कंगोरे असतात, मात्र जुन्या शिंपल्यात ते झिजून गेलेले आढळतात. लामार्क यांनी १८१९ मध्ये 'युनिओ' या गणात घातलेली मार्जिनॅलिस आज लॅमेलिडेन्स गणात आहे. गण बदलला, जातिनाम टिकले. म्हणून जुन्या पुस्तकातील निराळे नाव पाहून गोंधळण्याचे कारण नाही.

नावाइतकेच ठिकाणही महत्त्वाचे. शिंपल्यांची पिले काही काळ माशांच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात. परक्या नदीतून आणलेल्या शिंपल्यास येथील मासा मानवेलच असे नाही, आणि मूळ ठिकाणची नोंद नसल्यास पैदास का खुंटली याचा शोध लागणे कठीण.

ओळखीसाठी जिवंत शिंपला फोडू नये. काठावर पडलेली रिकामी पुटे जोडीने दोऱ्यात बांधावीत, आत नदीचे व गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी घालावी, आणि जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांस ती दाखवावीत. हे काम शिंपल्यांचा सौदा ठरण्यापूर्वी व्हावयास हवे.