जनुकांचा अहवाल आणि केसपेपर

‘मॅडम, डीएनए टेस्ट केली तर डाएट एकदम अचूक बसेल ना?’ हा प्रश्न आता कराडजवळच्या मलकापूरच्या आगाशिवनगरमधल्या क्लिनिकमध्येही विचारला जातो. पेशंटचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो. तो ऑनलाइन किट मागवतो, नळीत लाळ भरून नमुना पाठवतो आणि महिनाभराने रंगीत अहवालाचं बाड आपल्या टेबलावर येतं. त्यात हिरवे, पिवळे, लाल ठिपके असतात. ‘कॅफिन : मंद चयापचय’, ‘ग्लुटेन : जास्त जोखीम’, ‘स्निग्ध पदार्थ : संवेदनशील’. शेवटच्या पानांवर पूरक गोळ्यांची यादी, पुष्कळदा त्याच कंपनीची.

आमचं मत आधीच सांगतो. वजन, साखर किंवा व्यायाम ठरवण्यासाठी ही तपासणी आहारतज्ज्ञाने आपणहून सुचवू नये. पेशंटने करून आणलीच, तर ती झिडकारूही नये. वाचावी, पण केसपेपर पूर्ण भरून झाल्यावर.

असं म्हणायला आधार आहे. स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाचा प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. ६०९ जाड माणसं, वर्षभर आहार. निम्म्यांना कमी स्निग्ध, निम्म्यांना कमी पिष्टमय. वजन सरासरी ५.३ आणि ६ किलोने उतरलं, म्हणजे फरक नगण्य. कुणाला कुठला आहार मानवेल हे जनुकांच्या ठरावीक जुळणीवरून आधी सांगता येईल असा अंदाज होता. तो खरा ठरला नाही. गंमत अशी की दोन्ही गटांत कुणी तीस किलो घटवले, तर कुणाचे दहाएक किलो वाढले. माणसामाणसांत फरक आहे हे तर उघड आहे; तो त्या जुळणीत सापडला नाही, एवढंच. सात युरोपीय देशांत झालेल्या ‘फूडफॉरमी’ अभ्यासाचा २०१७ मधला निष्कर्षही जवळपास हाच आहे. व्यक्तीला पाहून दिलेला सल्ला सरसकट सल्ल्यापेक्षा सरस ठरला, मात्र त्यात जनुकांची माहिती घातल्याने भर पडली नाही. आपल्या व्यवसायाची बाजू घेणारा याहून चांगला पुरावा शोधूनही मिळायचा नाही.

जोखीम कळली की माणूस सुधारतो, हेही आपण गृहीत धरतो. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१६ साली आलेल्या आढाव्यात जनुकीय जोखीम सांगितल्याने खाणं, व्यायाम, धूम्रपान यांत फारसा फरक पडल्याचं दिसलं नाही. सवय बदलते ती रोज दिसणाऱ्या आकड्याने. मलकापूरने चोवीस तास पाणी दिलं ते नळाला मीटर बसवून. वापरेल तेवढं बिल आलं की हात आपोआप तोटीकडे जातो. आपल्या पेशंटचं मीटर म्हणजे कंबरेची टेप, जेवणानंतरची साखर आणि महिन्याला घरात येणारे तेलाचे डबे.

याचा अर्थ जनुकं बिनकामाची, असा नाही. उलट आपल्या माणसांच्या जडणघडणीवर आणि जनुकांवर उत्तम काम झालंय आणि तेही इथून चार तासांच्या आत, पुण्याच्या केईएम रुग्णालयात. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवली. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान होती, पण कातडीखालची चरबी तितकी कमी नव्हती. रोडपणात लपलेला हा लठ्ठपणा याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःवरच दाखवला. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दोघांचा तो फोटो वेटिंग रूममध्ये लावावा असा आहे.

आता त्या रंगीत अहवालाकडे पुन्हा पाहा. एफटीओ हे जनुक त्यात हमखास असतं, ‘लठ्ठपणाचं जनुक’ म्हणून. युरोपीय लोकांत एफटीओ आधी वजन वाढवतं आणि वजनामार्फत मधुमेह. बीएमआयचा हिशोब वजा केला की मधुमेहाशी नातं उरत नाही. पुण्यातल्या लोकांवर याज्ञिकांच्या गटाने, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले गिरिराज चांडक यांच्यासह केलेल्या २००९ च्या अभ्यासात हे नातं बीएमआय वजा करूनही बरंचसं टिकलं. म्हणजे जनुक तेच, पण आपल्या अंगात त्याचा रस्ता वेगळा. जगभरच्या अशा जनुकीय अभ्यासांतली सुमारे चार पंचमांश माणसं युरोपीय वंशाची आहेत. त्या आकड्यांवर बेतलेला लाल ठिपका वाळव्याच्या ऊसतोड मुकादमाला लावताना हात थोडा आखडता घेतलेला बरा. त्याच्या आईला गरोदरपणी काय मिळालं, तो किती किलोचा जन्मला, हे विचारायला पैसे लागत नाहीत. आपल्या केसपेपरवर तो रकाना बहुधा नसतोच.

जिथे जनुकं ताट ठरवतात तिथे मागे हटू नये. फिनाइलकीटोनुरिया असलेल्या मुलाचं प्रथिन मोजूनच द्यावं लागतं. तरुण, सडपातळ मधुमेही टाइप वनचा की टाइप टूचा, हे ओळखायला जनुकीय गुणांकाचा उपयोग होतो, हे पुण्याच्याच पेशंटांवर २०२० मध्ये दाखवलं गेलं. तिथे प्रश्न इन्शुलिनचा आहे, ग्रीन टीचा नाही.

रोजच्या दोन फसगती मात्र टाळता येतील. ‘ग्लुटेन : जास्त जोखीम’ वाचून पेशंट चपाती सोडतो. ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिॲक आजाराशी जोडलेली ती जनुकं जगात दर दहांतल्या तिघा-चौघांत असतात, आजार त्यांतल्या मोजक्यांना होतो. ती नसतील तर आजार जवळजवळ नाहीच, एवढाच त्यांचा पक्का उपयोग. शंका असेल तर गहू चालू असतानाच रक्तातल्या अँटीबॉडी तपासायला पाठवा. गहू सोडून महिने झाले की ती तपासणीही फसवते. दुसरी फसगत दुधाची. ‘लॅक्टोज : पचत नाही’ असं छापलेलं असलं तरी दही, ताक आणि चहातलं दूध बहुतेकांना चालतं. डेअरीला दूध घालणाऱ्या घरातल्या माणसाचं ताक बंद करण्यापूर्वी पोटाचं त्याला एकदा विचारावं.

धंद्याची बाजूही बोलायला हवी. अमेरिकेच्या सरकारी लेखा कार्यालयाने २००६ मध्ये एका बाळाचा आणि एका प्रौढाचा डीएनए चौदा काल्पनिक ग्राहकांच्या नावांवर, वेगवेगळ्या सवयी लिहून, चार संकेतस्थळांना पाठवला. सल्ला बहुतांशी फॉर्मवर भरलेल्या सवयींवरून आला. वर्षाला सुमारे १,२०० डॉलरच्या सुचवलेल्या गोळ्या ३५ डॉलरच्या साध्या मल्टिव्हिटॅमिनसारख्याच निघाल्या. वीस वर्षांत तंत्र फार पुढे गेलं, पण तपासणी आणि गोळी एकाच दुकानात विकण्याची चाल जुनीच आहे. किटमागे काही टक्के देऊ करणारा प्रतिनिधी आता कराडपर्यंत फिरतो. डॉक्टरांना असं कमिशन घ्यायला २००२ च्या आचारसंहितेने मनाई आहे. आहारतज्ज्ञांनी संलग्न आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्याने आपल्या व्यवसायाला मिळालेलं स्थान मिरवायचं असेल तर तीच रेघ स्वतःहून ओढावी.

आणि लाळ एकाची असली तरी माहिती अख्ख्या भावकीची असते. घरबसल्या डीएनए तपासून देणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा दीड कोटी ग्राहकांच्या नोंदी कुणाच्या हाती जाणार हा प्रश्न उभा राहिला. नमुना पाठवणाऱ्याने संमतिपत्र वाचलंय का, एवढं तरी विचारा.

एक विनंती. पुढचा असा अहवाल आला की तो उघडण्याआधी आपला सल्ला केसपेपरवर लिहून तारीख टाका. मग अहवाल वाचा, आणि सल्ल्यात काही बदललं तर वेगळ्या शाईने लिहा. पेशंटचं नाव-गाव काढून असे केसपेपर आमच्याकडे पाठवा. बदल झालेले आणि न झालेले, दोन्ही छापू.