फक्त इंजिन बदललं असतं तर...



आधी नेहमीचा खुलासा. मी मुंबईच्या लोकलच्या कर्जतचा नव्हे, नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) कर्जतचा. आमच्याकडे लोकल नाही आणि भरवशाचा पाऊसही नाही. असो.

या दिवाळीत नातू पुण्याहून आला तो एक प्लॅस्टिकचं विमान घेऊन. सुटे भाग, चिकटवायचे आणि रंगवायचे. एकास बहात्तर हे माप. विमान कोणतं, तर आपलं 'एचएफ-२४ मारुत'. खरं मारुत जवळजवळ सोळा मीटर लांब, हे बावीस सेंटीमीटर. पण त्याला ते जसं होतं तसं करायचं नव्हतं. "आबा, मारुतला तेजसचं इंजिन असतं तर कसं दिसलं असतं, ते करायचंय." अशा नमुन्यांना 'व्हॉट-इफ' म्हणतात म्हणे. म्हणजे आपलं जर-तर.

भाऊबीजेला आमचे साडू आले. ओटीवर पसारा पाहून म्हणाले, "काय गुरुजी, जन्मभर इतिहास शिकवलात आणि आता नातवाला खोटा इतिहास शिकवताय?" मी हसलो. फराळ पुढे आला आणि साडू रंगात आले. "त्या मारुतचं नुसतं इंजिन बदललं असतं ना, तर आज आपण जगाला विमानं विकली असती. परकीयांनी होऊ दिलं नाही!"

मंडळी, गंमत बघा. दहा मिनिटांपूर्वी जर-तरला खोटं म्हणणारा माणूस स्वतःच जर-तर करत होता. फरक एवढाच, की नातवाच्या हातात करवत होती आणि साडूंच्या हातात चकली.

साडूंना मी तेव्हा काही बोललो नाही. सणाचा दिवस होता. पण आता बोलतो, कारण असं म्हणणारे ते एकटे नाहीत. मोबाइलवर रोज सकाळी असला एक तरी मजकूर येतो. ही घ्या हकीकत.

मारुतचा आराखडा कुर्ट टँक या जर्मन माणसाचा. (नगरकरांनो, टँक म्हटलं की तुम्हाला आपलं रणगाड्यांचं संग्रहालय आठवणार. हा टँक विमानवाला. दुसऱ्या महायुद्धातलं फोक-वुल्फ १९० याचंच.) तो १९५६ साली भारतात आला. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये तेव्हा आपले मराठी डॉ. विष्णू माधव घाटगे होते. ते जर्मनीत प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. भारतात आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली उडालं होतं. म्हणजे पाटी कोरी नव्हती.

१७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी मारुत पहिल्यांदा उडवलं. आराखडा ध्वनीच्या दुप्पट वेगाचा. पण ज्या ब्रिटिश ऑर्फियस-१२ इंजिनावर सगळी भिस्त होती, ते पूर्ण झालंच नाही. पुढच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा असं कंपनीचं म्हणणं पडलं, आणि आपल्या सरकारने नकार दिला. मग हाताशी असलेली त्याच घराण्यातली कमी ताकदीची दोन इंजिनं, ऑर्फियस ७०३, बसवली. विमान ध्वनीच्या वेगाच्या अलीकडेच राहिलं. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर मारुतने चोख काम केलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, रेडिओला कान लावून बसायचो.

आता साडूंचं 'नुसतं इंजिन'. मंडळी, इंजिन बदलून पाहिलं होतं हो! इजिप्तमध्ये तिथलं ई-३०० हे इंजिन मारुतच्या एका बाजूला बसवून १९६७ साली उड्डाणं झाली. दुसऱ्या बाजूला ऑर्फियसच. तो प्रकल्पच पुढे बंद पडला. मग इथे ऑर्फियसलाच मागे जादा ज्वलनाची जोड दिली. त्यासाठी विमानाची शेपटीकडची बाजू रुंद करावी लागली. हवेचा अडथळा वाढला आणि मिळालेल्या जोरातला बराचसा त्यातच खर्ची पडला. १० जानेवारी १९७० रोजी याच सुधारित नमुन्याच्या अपघातात सुरंजन दास गेले. 'नुसतं इंजिन' म्हणताना निदान या माणसाची आठवण ठेवावी.

आता नातवाकडे वळू. तेजसचं एफ-४०४ इंजिन ऑर्फियसच्या दुप्पट लांब. वजन अडीच पटीहून जास्त. हवा दीडपटीहून जास्त ओढणारं. म्हणजे बाजूचे हवा घ्यायचे झरोके मोठे केले पाहिजेत. ते मोठे केले की पंखाच्या मुळाशी जागा कमी. इंधन जास्त लागणार, मग टाक्या कुठे? पोराने शेपटीकडचा भाग कापला, लांबवला, दोन पितळी नळ्या बसवल्या. विमान चाकांवर ठेवलं आणि ते शेपटीवर बसलं! नाक आभाळाकडे. शेवटी सिद्धटेकला भीमेच्या काठी एका भोयाकडून जाळ्याचं शिसं मागून आणलं आणि नाकात भरलं, तेव्हा कुठे ते तीन चाकांवर उभं राहिलं.

मी त्याला इतिहासाच्या मास्तरचा प्रश्न विचारला. "सन कोणता धरलास?" तो म्हणाला, "१९६५." मी म्हटलं, "बाळा, हे इंजिन तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं." तो दोन दिवस वाचत बसला आणि १९८५ वर आला. मग स्वतःच म्हणाला, "पण आबा, तोवर तर मारुतचे दिवस भरत आले होते. आणि इंजिन देणार अमेरिकाच." तेजसमध्ये आजही जनरल इलेक्ट्रिकचंच इंजिन आहे. आपलं कावेरी इंजिन १९८९ पासून चालू आहे आणि २००८ साली ते तेजसपासून वेगळं केलं गेलं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला हे सगळं एका नमुन्यापायी कळलं. साडूंना चकली खाऊन कळलं नाही.

हे आपल्याला नवीन आहे का? आमच्या भागात एकाने विहिरीवर तीन हॉर्सपॉवरच्या जागी साडेसातची मोटर बसवली. पाइप जुनाच. पहिल्या दिवशी पाइप फाटला, तो बदलला तर केबल तापली, केबल बदलली तर विहीर अर्ध्या तासात कोरडी. पाणी होतं तेवढंच होतं. 'नुसती मोटर बदलली असती तर' असं शेतकरी कधी म्हणत नाही, कारण बिल त्यानेच भरलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जर-तर वाईट नाही. फुकटचं जर-तर वाईट. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि दोष दुसऱ्यावर टाकायचा, हा खोटा इतिहास. पैसे द्यायला नकार आपणच दिला होता, हे त्यात येतच नाही. नातवाचं विमान कधी उडालं नाही, पण ते खोटं नाही. प्रत्येक बदलाची किंमत त्यावर दिसते.

आता माझंही एक जर-तर. १९८० च्या सुमारास माझ्या वर्गात एक मुलगा होता. ज्वारीच्या चिपाडांची विमानं करायचा, बाभळीचे काटे टोचून. एकदा तास चालू असताना त्याने ते बाकावर काढलं. मी ते घेतलं, मोडलं आणि खिडकीबाहेर टाकलं. मुलगा दहावीच्या आधी शाळा सोडून ऊसतोडीला गेला.

मी विमान मोडलं नसतं तर तो इंजिनिअर झाला असता, असं मी म्हणणार नाही. ते साडूंसारखं होईल. घरी विहीर आटलेली, डोक्यावर कर्ज, धाकटी तीन भावंडं. ते सगळं बदलावं लागलं असतं आणि ते माझ्या हातात नव्हतं. पण विमान न मोडणं माझ्या हातात होतं, आणि त्याला काहीही खर्च नव्हता. हिशेब मांडायला बसलं की आपल्या वाट्याची रक्कम अशी सापडते.

नातवाचं विमान आता माझ्या टेबलावर आहे. साडू पाडव्याला येतील तेव्हा त्यांच्या हातात देणार आहे. नाक जड लागतं. का, ते त्यांनीच विचारावं.

थांबतो.