शहराचे नवे गावकूस

खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खडसावले होते. जातीच्या त्या कोंडवाड्यातून आपला समाज मुंबईत आला. गिरणीत, गोदीत, पालिकेच्या सफाई खात्यात राबला. या शहराने त्याला जागा दिली ती नाल्याकाठी, खाडीत, रेल्वेरुळालगत! २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी लोकसंख्येत अनुसूचित जाती १२.६ टक्के, झोपडपट्ट्यांत मात्र २०.४ टक्के. म्हणजे घराचा प्रश्न हा जातीचाही प्रश्न आहे.

१९९५ साली युती सरकारने ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरांचे गाजर दाखवले आणि झोपु प्राधिकरण जन्माला घातले. तीस वर्षे उलटली, पण तो आकडा कागदावरच राहिला. कारण उघड आहे. बिल्डरने आमची घरे बांधायची आणि मोबदल्यात विक्रीचे टॉवर उठवायचे, असा हा सौदा. जिथे जागेला भाव तिथे बिल्डर धावतो. भाव पडला की भाडे थकवून पसार होतो. अखेर जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याची अंमलबजावणी तपासा, असे उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

पण खरी मेख आहे कट-ऑफ डेटमध्ये. १ जानेवारी २००० पूर्वीचा झोपडीधारक मोफत घराला पात्र. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा अडीच लाख रुपये भरून पात्र. त्यानंतरचा अपात्र! एकाच नळावर पाणी भरणारी, एकाच विहारात वंदना घेणारी माणसे एका तारखेने फोडली जातात. एकजूट मोडली की बिल्डरचे काम सोपे होते.

अपात्रांना कुठे धाडतात? तानसा जलवाहिनीलगतची बेघर केलेली कुटुंबे माहुलच्या रिफायनरीच्या धुरात नेऊन टाकली. तिथे कोणाला सक्तीने राहायला लावता येणार नाही, हे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने बजावले. तरी धडा घेतला नाही. धारावीतील अपात्रांसाठी २०२४ मध्ये सरकारने देवनारच्या कचराभूमीची जागा मंजूर केली. पूर्वी महारवाडा गावकुसाबाहेर होता. आता शहरही आपले गावकूस आखत आहे.

घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा भीमसैनिक शहीद झाले. त्याच वस्तीचा आता पुनर्विकास सुरू आहे. आमचा विकासाला विरोध नाही. पण पात्रतेची यादी वस्तीत जाहीर वाचली गेली पाहिजे. अपात्र ठरलेल्याला त्याच परिसरात परवडणाऱ्या भाड्याचे घर मिळाले पाहिजे. संमतीच्या सह्या बंद खोलीत नव्हे, वस्तीच्या खुल्या सभेत झाल्या पाहिजेत.

बांधवांनो, बिल्डरचा दलाल सही मागायला येईल तेव्हा एकट्याने करू नका. आधी शेजाऱ्याचे नाव यादीत आहे का, ते विचारा. त्याचे घर गेले, तर उद्या आपलेही राहणार नाही. जयभीम!