तबकडी वाचली जात नाही, तेव्हा दोष कोणाचा?

अनेक घरांतील कपाटांत लग्नाचे, मुंजीचे किंवा आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रण सीडी-डीव्हीडीच्या तबकड्यांवर पडून आहे. बहुधा ती एकुलती एक प्रत असते. कित्येक वर्षांनी ती पाहावी म्हणून तबकडी ड्राइव्हमध्ये घालावी, ड्राइव्हने बराच वेळ घरघर करावी आणि पडद्यावर केवळ ‘इनपुट-आउटपुट एरर’ एवढे शब्द उमटावेत, असा प्रसंग आपणांपैकी पुष्कळांवर आला असेल. अशा वेळी कोणी ड्राइव्ह भंगारात काढतो, कोणी तबकडी फेकतो, तर एखादे उत्साही चिरंजीव सारी कार्यप्रणालीच पुसून नव्याने बसवतात. यांपैकी काहीही करण्यापूर्वी संगणक काय सांगतो आहे ते ऐकून घ्यावे. लिनक्स वापरणाऱ्या कुटुंबांना तर ही सोय उत्तम आहे. त्या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, अशा अडचणींची नोंद लिहून ठेवत असतो.

ती नोंद पाहण्यासाठी टर्मिनलमध्ये डी-एम-ई-एस-जी या पाच इंग्रजी अक्षरांची आज्ञा द्यावी. काही संगणकांवर त्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. नोंदीत ड्राइव्हचे नाव बहुधा ‘एसआर-शून्य’ असे आढळेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कर्नल स्वतः तबकडी पाहत नाही. ‘अमुक क्रमांकाचा भाग वाच’ असे तो ड्राइव्हला सांगतो आणि ते न जमल्यास ड्राइव्ह एक ठरावीक कारण कळवतो. त्या कारणाला ‘सेन्स की’ म्हणतात. निदानाची किल्ली खरोखरच तेथे असते. ‘नॉट रेडी’ असे असेल तर तबकडी नीट बसलेली नाही किंवा ड्राइव्हला ती ओळखता आलेली नाही. ‘हार्डवेअर एरर’ असेल तर संशय ड्राइव्हवर घ्यावा. ‘इल्लीगल रिक्वेस्ट’ हे शब्द विकतच्या चित्रपटाच्या डीव्हीडीवर दिसले, तर पुष्कळदा तो बिघाड नसून प्रकाशकाने घातलेले कुलूप असते. आणि ‘मीडियम एरर’ म्हणजे तबकडीवरील मजकूर वाचता आला नाही. मात्र ड्राइव्हच्या भिंगावर धूळ बसली असली तरी हेच उत्तर येते. म्हणून दुसरी एखादी चांगली तबकडी घालून पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.

याच नोंदीत सेक्टरचा क्रमांकही असतो, आणि तो फार बोलका असतो. तबकडीवरील एका सेक्टरमध्ये २,०४८ बाइट मजकूर मावतो. कर्नल मात्र आपला हिशेब ५१२ बाइटांच्या सेक्टरांत मांडतो. तेव्हा ‘आय-ओ एरर’च्या ओळीतील आकड्याला ४ ने भागले म्हणजे तबकडीवरील खरा क्रमांक मिळतो. ८० मिनिटांच्या सीडीवर असे ३,६०,००० सेक्टर असतात आणि त्यांची मोजणी आतून बाहेर जाते. मोठा क्रमांक म्हणजे दोष कडेकडे, लहान म्हणजे मध्याजवळ. त्या जागी ओरखडा किंवा बोटाचा ठसा आहे का, हे उजेडात धरून पाहता येते.

दोषाची नोंद येते, पण दोष मुळीच नसतो, असाही एक चमत्कारिक प्रकार आहे. घरी ‘ट्रॅक अ‍ॅट वन्स’ पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या शेवटी दोन सेक्टर असे राहतात की ज्यांत वाचण्याजोगे काही नसते. कर्नलला पुढचे आधीच वाचून ठेवण्याची सवय. तो त्या दोन सेक्टरांवर जाऊन आदळतो आणि तक्रार नोंदवतो. सर्व फाइली मात्र शाबूत असतात! चूक अगदी शेवटच्या सेक्टरांवरच येत असेल, तर प्रथम फाइली उघडून पाहाव्यात. नवी सीडी लिहिताना शेवटी १५० रिकामे सेक्टर जोडले की ही कटकट उरत नाही.

कधीकधी नोंदीत सेन्स कीऐवजी ‘टाइमआउट’ किंवा ‘सीआरसी’ हे शब्द पुन्हापुन्हा दिसतात. मग तबकडीला दोष न देता जोडणीची तार काढून नीट बसवावी किंवा बदलावी. बाहेरून जोडायच्या यूएसबी ड्राइव्हच्या बाबतीत वीज अपुरी पडणे हेही नेहमीचे कारण आहे. यूएसबी २ च्या एका खाचेतून ५०० मिलिअँपिअरच प्रवाह मिळावा असे ठरलेले आहे आणि तबकडी फिरू लागताना ड्राइव्हला त्याहून अधिक लागू शकतो. नोंदीत ‘रीसेट’ हा शब्द वारंवार आला, तर संगणकाची दुसरी खाच वापरून पाहावी.

राहता राहिला ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमधील तो भाग जो ड्राइव्हशी बोलतो. त्याच्यावर आळ फार येतो, पण तो क्वचितच सिद्ध होतो. जुन्या ड्रायव्हरच्या काळी सीडी ड्राइव्हचे नाव ‘एचडीसी’ वगैरे असे. २००७ च्या सुमारास पुष्कळ वितरणांनी नवा ड्रायव्हर स्वीकारला, नाव ‘एसआर-शून्य’ झाले आणि जुन्या नावावर विसंबलेल्या मांडणीत ड्राइव्ह ‘नाहीसा’ झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या कर्नलच्या ५.१४ या आवृत्तीतून तो जुना ड्रायव्हर काढूनच टाकण्यात आला. जुन्या पुस्तकातील आज्ञा आज चालत नसेल, तर आधी हे नाव तपासावे.

आता तबकडीच खराब आहे असे ठरले, तर ती पुनःपुन्हा चालवून पाहू नये. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल कधीही नाही, कारण वाटेच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग मजकूर गिळतो, आडवा ओरखडा थोडाच गिळतो व तो तबकडीवरील सुधारणेच्या संकेतांनी भरून निघतो. सीडीच्या नाव लिहिण्याच्या बाजूस अधिक जपावे. चकाकणारा थर तिथेच, पातळ लेपाखाली असतो. त्यानंतर ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ या मोफत कार्यक्रमाने तबकडीची प्रत हार्ड डिस्कवर घ्यावी. तो सहज वाचता येणारे भाग आधी उचलतो, अवघड भागांकडे मागाहून वळतो आणि काय राहिले याची यादी फाइलीत ठेवतो. तीच यादी घेऊन तबकडी शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवर लावता येते. एका ड्राइव्हला न वाचता आलेले सेक्टर पुष्कळदा दुसरा वाचतो, आणि पहिल्याने आणलेला मजकूर पुन्हा आणावा लागत नाही.